सीव्ही-४७, फाजिओ आणि भाच्याचं सुखोई: गेममधल्या शस्त्रांची नावं कोणाच्या मालकीची?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित प्रत. बोलण्यातले बरेचसे 'म्हणजे' आणि 'तर' काढलेत, थोडे राहू दिलेत.)



आजचा विषय मला माझ्या भाच्यानं दिला. तो इंदापूर तालुक्यातला, घरी ऊस. बारावीनंतर कॉम्प्युटर शिकायला बारामतीला आला आणि दोन वर्षं रात्री जागून त्यानं एक गेम बनवला. ज्या लॅपटॉपवर बनवला, तो उसाच्या पहिल्या हप्त्यातून घेतलेला. गेम तसा साधा आहे. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमान उडवायचं, भिगवणवरून उजनीच्या पाण्यावर जायचं, फ्लेमिंगोंचे थवे चुकवायचे. असे दहा टप्पे पार केले की हातात येतं लढाऊ विमान. सुखोई.

गेम ॲप स्टोअरवर टाकायच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "मामा, विमानांची खरी नावं लिहिलीत मी. चालतं का असं?"

मी हसलो. म्हटलं, "अरे, ती कंपनी तुझा गेम बघणार कधी आणि तुला पकडणार कधी?"

फोन ठेवला आणि वाटलं, उत्तर चुकलं. कारण साधारण वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला पडला होता, आणि मलाही कोणी धड उत्तर दिलं नव्हतं.

तेव्हा मी बारामतीत शिकत होतो. भिगवण रोडच्या बाजूला एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये. सहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले आणि सहाही कॉम्प्युटरवर 'काउंटर-स्ट्राइक १.६'. ज्यांनी तो गेम खेळलाय त्यांना बंदुका विकत घ्यायची यादी आठवत असेल. एके-४७ घ्यायला गेलं की यादीत नाव दिसायचं 'सीव्ही-४७'. डेझर्ट ईगल पिस्तुलाचं नाव 'नाइट हॉक'. एमपी-५ म्हणजे 'के अँड एम सब-मशीन गन'. इस्रायलची गॅलिल रायफल 'आयडीएफ डिफेंडर' होऊन बसलेली. बंदूक डोळ्यांना ओळखू यायची, आवाजही ओळखीचा, नाव मात्र भलतंच. आम्ही आपले तोंडानं "एके घे, एके घे" असंच ओरडायचो.

मी कॅफेच्या मालकांना विचारलं, "काका, नावं चुकीची का?" ते म्हणाले, "आपली सीडी नकली आहे, म्हणून नावंही नकली." आम्हाला पटलं. पुढं कितीतरी वर्षांनी कळलं की पैसे भरून घेतलेल्या अस्सल गेममध्येही हीच नावं होती. बंदुका बनवणाऱ्या कंपन्यांची नावं परवानगीशिवाय वापरली तर वकिलांची नोटीस येईल, या धास्तीनं ती बदललेली होती. ही पद्धत त्याहून जुनी. १९९७ च्या 'गोल्डनआय' या जेम्स बाँडच्या गेममध्ये एके-४७ ला 'केएफ-७ सोव्हिएट' म्हटलं होतं, आणि एका बंदुकीला तर निन्टेन्डोतल्या केन लॉब यांच्या नावावरून 'क्लॉब' असं नाव दिलं होतं.

आता यात बारामतीचा संबंध काय? आहे. त्याच कॅफेत दुसरा लाडका गेम होता 'व्हाइस सिटी', २००२ चा. त्यात एक स्कूटर होती, गोलमटोल, हुबेहूब वेस्पाच्या घाटाची. तिचं नाव 'फाजिओ'. वेस्पा बनवणारी कंपनी पियाजिओ, तर स्कूटर फाजिओ! आणि कॅफेच्या दारात उभी असायची आपे तीनचाकी, जी पियाजिओ आमच्याच एमआयडीसीत बनवते. २०१२ पासून वेस्पाही बारामतीतच बनू लागली. म्हणजे बाहेर खरी पियाजिओ, आत खोटी फाजिओ, आणि दोन्हींच्या मध्ये एक काचेचं दार.

नाव बदलायचं आणि रूप ठेवायचं, ही त्या गेमवाल्यांची जुनी रीत. पुढच्या 'सॅन अँड्रियास'मध्ये 'हायड्रा' नावाचं जेट होतं, जागच्या जागी सरळ वर उठणारं. ते उघडउघड हॅरियर. आपल्या नौदलाची सी हॅरियर गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसावर होती, २०१६ मध्ये निवृत्त झाली. गोव्याला गेलेल्या मित्रानं ते विमान लांबून पाहिलं आणि परत येऊन सांगितलं, "अरे, तिथं हायड्रा आहे!" खऱ्या विमानाला त्यानं गेममधल्या खोट्या नावानं ओळखलं. नावाची किंमत किती असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

इथं थोडा कायदा सांगतो. मी वकील नाही, पण एवढं कळल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही. यंत्रामागची कल्पना म्हणजे पेटंट. ते आपल्याकडे २० वर्षांनी संपतं. वस्तूचं रूप म्हणजे डिझाइन. २००० च्या कायद्याप्रमाणे त्याचं संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षं. पण नाव, म्हणजे ट्रेडमार्क, दर १० वर्षांनी फी भरत राहिलं तर कधीच संपत नाही. शिवाय नोंदणी वर्गवार होते, एकूण ४५ वर्ग. विमानं आणि वाहनं बाराव्या वर्गात, बंदुका तेराव्या, सॉफ्टवेअर नवव्या, खेळणी अठ्ठाविसाव्या. म्हणून एखादी विमान कंपनी तेच नाव खेळण्यांच्या वर्गातही नोंदवून ठेवू शकते.

आपल्या पुणे जिल्ह्यानं हा धडा फार पूर्वी गिरवलाय. बजाज १९६० च्या दशकात वेस्पा बनवायचे, पियाजिओच्या परवान्यावर. १९७१ मध्ये परवाना संपला. कारखाना होता, कामगार होते, स्कूटर कशी बनवायची ते हाताला पाठ होतं. फक्त 'वेस्पा' हे नाव परत गेलं. मग १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव आलं, चेतक. अंगकाठी बरीचशी वेस्पाचीच राहिली, आणि त्यावरून पुढं परदेशी बाजारात पियाजिओनं बजाजला कोर्टात खेचलं. पण नाव आपलं होतं, आणि ते लोकांच्या तोंडी बसलं. लग्नात चेतक मागणारी पिढी आपण पाहिलीय.

आणि गंमत बघा. त्याच नावाचं हेलिकॉप्टरही आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, फ्रान्सचं अल्वेट-३ हेलिकॉप्टर परवान्यावर बनवायची आणि आपल्या सैन्यात त्याचं नाव चेतक. स्कूटर चेतक, हेलिकॉप्टर चेतक, दोन्ही परवान्याच्या पोटी जन्मलेले. पण स्कूटर घ्यायला गेलेला माणूस चुकून हेलिकॉप्टर घेऊन आला असं कधी झालं नाही. ट्रेडमार्कच्या कायद्याचा मूळ प्रश्न एवढाच असतो: गिऱ्हाइकाची फसगत होते का? माल कोणाचा आहे याबद्दल गोंधळ होतो का?

हाच प्रश्न युद्धाच्या विमानांना आणि गेमला लावला की भांडण सुरू होतं.

पहिलं मोठं भांडण २००४ चं. मॉस्कोतल्या एका चमूनं 'पॅसिफिक फायटर्स' नावाचा विमानांचा गेम बनवला, युबीसॉफ्टनं तो बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धातलं प्रशांत महासागरावरचं युद्ध. आता ते युद्ध दाखवायचं तर अमेरिकन नौदलाची वाइल्डकॅट, हेलकॅट, ॲव्हेंजर ही विमानं लागणारच. ती ग्रुमन कंपनीनं बनवलेली. ग्रुमन १९९४ मध्ये नॉर्थ्रॉपमध्ये विलीन झाली होती. गेम आल्यावर नॉर्थ्रॉप ग्रुमननं हरकत घेतली, की ही नावं आमची. शेवटी तडजोड झाली, आणि गेम बनवणाऱ्या चमूचे प्रमुख ओलेग मॅडॉक्स यांनी जाहीरपणे सांगून टाकलं की या कंपनीची नवी विमानं किंवा जहाजं आता आमच्या गेममध्ये येणार नाहीत.

जरा विचार करा. विमानं १९४० च्या दशकातली. पेटंटं केव्हाच संपलेली. पैसा अमेरिकन जनतेच्या करातून आलेला. उडवणारे पोरसवदा वैमानिक, त्यातले कित्येक समुद्रातून परत न आलेले. पण साठ वर्षांनी त्या विमानाचं चित्र काढायचं तर विचारायचं कोणाला? कंपनीला. प्लॅस्टिकची छोटी विमानं बनवणाऱ्या खेळणीवाल्यांचीही हीच तक्रार होती. न्यू जर्सीचे खासदार रॉब अँड्र्यूज यांनी त्यांच्यासाठी अमेरिकेच्या संसदेत विधेयकही आणलं होतं. त्यांचा युक्तिवाद असा, की सरकारी पैशानं बनलेल्या यंत्राच्या प्रतिकृतीवर कंपनीनं पुन्हा पैसे का घ्यावेत?

दुसरं भांडण आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानांच्या घराण्यातलं. बारामती-इंदापूरच्या आकाशात सकाळपासून शिकाऊ विमानांची घरघर चालू असते. उसात काम करणारा माणूस आता मानही वर करत नाही. त्यातली बरीच विमानं सेसना. सेसना १९९२ पासून टेक्स्ट्रॉन या अमेरिकन समूहाची, आणि हेलिकॉप्टर बनवणारी बेल कंपनीही टेक्स्ट्रॉनचीच. २०११ च्या शेवटी 'बॅटलफील्ड ३' हा गेम आला. त्यात बेलची तीन यंत्रं होती: व्हायपर, व्हेनम आणि ऑस्प्रे. परवाना नव्हता. बेलकडून पत्र गेलं. गेमची कंपनी, ईए, गप्प बसली नाही. जानेवारी २०१२ मध्ये तीच आधी कोर्टात गेली. म्हणणं असं: गेम ही कादंबरी-सिनेमासारखी कलाकृती आहे, आजच्या युद्धाची गोष्ट सांगताना आजची हेलिकॉप्टरं दाखवणं हा आमचा अभिव्यक्तीचा हक्क आहे, आणि या कंपन्यांचा आम्हाला पाठिंबा नाही हे आम्ही खोक्यावर छापलंय. कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी हे लगेच मान्य केलं नाही. गेममध्ये हेलिकॉप्टरं एवढी ठळक आहेत की खेळणाऱ्याला बेलचा हात आहे असं वाटूही शकतं, तेव्हा पुरावे येऊ द्या, असा त्यांचा सूर होता. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि निकाल लागलाच नाही.

पण याच काळात तिसरी गोष्ट घडत होती, आणि मला ती सगळ्यात अस्वस्थ करते. विमान कंपन्या नाव वापरू नका म्हणत होत्या, तर बंदूक कंपन्यांना नाव वापरलेलं हवंच होतं. २०१३ च्या सुरुवातीला एका ब्रिटिश पत्रकारानं बॅरेट या रायफल कंपनीला परवान्याबद्दल विचारलं. त्यांच्या माणसानं आडपडदा न ठेवता सांगितलं, की गेममुळे आमचं नाव तरुण मुलांपर्यंत पोचतं, आणि ती उद्याची संभाव्य गिऱ्हाइकं आहेत. परवान्याला अटही होती: आमची रायफल अमेरिकेच्या शत्रूच्या हातात दाखवायची नाही. म्हणजे परवाना नुसता नावाचा नव्हता. गोष्टीत बंदूक कोण धरणार, हेही त्या कागदावर ठरत होतं.

त्याच्या आदल्या महिन्यात, डिसेंबर २०१२ मध्ये, सँडी हूकच्या शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गोळीबारात गेली. आठवड्याभरात बंदूक समर्थकांच्या संघटनेचे वेन लापिएर यांनी पत्रकार परिषदेत बोट दाखवलं ते व्हिडिओ गेमकडे. आणि काही महिन्यांपूर्वीपर्यंत ईएच्या एका गेमच्या वेबसाइटवरून थेट बंदूक आणि सुटे भाग बनवणाऱ्यांच्या पानांवर जाता येत होतं. टीका झाल्यावर ते दुवे काढले गेले. मे २०१३ मध्ये ईएनं जाहीर केलं: बंदूक कंपन्यांना आता परवान्याचे पैसे देणार नाही. पण बंदुका गेममध्ये राहतील, खऱ्या नावांसकट. लेखकाला पुस्तकात बंदुकीचं नाव लिहायला पैसे मोजावे लागत नाहीत, मग आम्हाला का, असा त्यांचा सवाल.

याचं उत्तर कोर्टातून यायला २०२० उजाडलं. हमवी ही अमेरिकन लष्कराची दणकट गाडी. ती बनवणाऱ्या एएम जनरलनं 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या ॲक्टिव्हिजनवर २०१७ मध्ये दावा लावला होता. ३१ मार्च २०२० ला न्यूयॉर्कचे न्यायाधीश जॉर्ज डॅनियल्स यांनी तो फेटाळला. आधार १९८९ चा एक जुना निकाल: कलाकृतीत नावाचा काही कलात्मक उपयोग असेल आणि लोकांची उघड दिशाभूल होत नसेल, तर ट्रेडमार्क आडवा येत नाही. युद्ध खरं वाटावं हा गेमचा कलात्मक हेतू, आणि खऱ्या सैन्याची खरी गाडी तो हेतू पुरा करते, असं त्यांनी धरलं. कंपनीनंच केलेल्या पाहणीत शंभरात सोळा जणांचा गोंधळ झाल्याचं निघालं होतं. तेवढं पुरेसं नाही, असं कोर्ट म्हणालं. शिवाय एक कंपनी लष्कराला गाड्या विकते, दुसरी लोकांना गेम विकते. चेतक आणि चेतकसारखंच.

इथं तुम्हाला वाटेल, झालं, गेमवाले जिंकले, आता खरी नावं परत आली असतील. नाही. निकालानंतर दोन वर्षांनी, २०२२ मध्ये आलेल्या त्याच मालिकेच्या गेममध्ये एके 'कास्तोव्ह' झाली आणि हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीच्या बंदुका 'लाखमान'. खटला जिंकलेल्या कंपनीनंही नावं बदललीच. आणि आपल्याकडची पोरं बीजीएमआयमध्ये ज्या 'एम-४१६'साठी जीव टाकतात, ती मुळात त्याच जर्मन कंपनीची एचके-४१६. 'एचके'च्या जागी नुसता 'एम'.

या सगळ्यातून मला एक कळलं ते असं. नाव वापरायचं की नाही, हे कायदा काय म्हणतो यावर फार कमी ठरतं. कोर्टाचा खर्च कोण किती काळ झेपवू शकतो, यावर ते जास्त ठरतं. ॲक्टिव्हिजन दोन-अडीच वर्षं लढू शकली. मॉस्कोतला चमू बाजूला झाला. आणि इंदापूरच्या पोराला तर नोटीस यायचीही गरज नाही, नोटिशीच्या नुसत्या शक्यतेनं त्याची झोप उडाली.

आपल्याकडे यावर वेगळे रस्तेही निघालेत. हवाई दलानं २०१४ मध्ये स्वतःचाच मोबाइल गेम आणला, २०१९ मध्ये दुसरा. मालकच गेम काढतोय म्हटल्यावर परवान्याचा प्रश्नच मिटला. पण मग गोष्टही मालकाचीच असणार, हे ओघानं आलं. दुसरा रस्ता पुण्यातल्या सुपरगेमिंगचा. त्यांचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यात भारतीय वळणाचं भविष्यातलं जग आहे आणि बंदुका कल्पनेतल्या आहेत. जे आपणच घडवलं, त्याला परवाना कोण मागणार?

आता भाच्याकडे परत येतो. सुखोईचं प्रकरण तर आणखी गुंत्याचं. सुखोई-३० एमकेआय आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलनं परवान्यावर बनवलेलं, उडतं पुण्याच्या लोहगावहून. पण विमान बनवायचा परवाना वेगळा आणि त्याचं नाव गेममध्ये वापरायचा परवाना वेगळा. मग भाच्यानं विचारायचं कोणाला? ओझरला, मॉस्कोला, की दिल्लीला? त्यानं एका विमान कंपनीला परवानगीसाठी मेलही केला होता. चार महिने झाले, उत्तर नाही. नकार आला असता तरी बरं वाटलं असतं, म्हणाला.

पंखावरच्या तिरंगी गोलाचाही प्रश्न होता. सरकारी चिन्हांसाठी आपल्याकडे १९५० चा एक वेगळा कायदा आहे. त्याच्या यादीतली नावं आणि चिन्हं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरता येत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही त्या यादीत आहे. तिरंगी गोल त्यात बसतो का, याच्या खोलात तो गेलाच नाही. सरळ गोल पुसून टाकला.

मी त्याला म्हटलं, "माझं मत विचारशील तर सुखोई राहू दे. आपल्या करातून घेतलेलं विमान, आपल्या आकाशात उडतं. त्याचं नाव घ्यायला कोणाची परवानगी कशाला?"

तो म्हणाला, "मामा, तुमचं पॉडकास्ट आहे, तुम्ही बोला. माझं स्टोअरवरचं खातं एकदा बंद झालं तर दोन वर्षं गेली."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तत्त्व माझं होतं, लॅपटॉप त्याचा होता.

गेल्या रविवारी त्यानं नवीन आवृत्ती पाठवली. शिकाऊ विमानाला नावच नाही, नुसता नंबर. लढाऊ विमानाचं नाक बदललंय, पंख थोडे आखूड केलेत, आणि बाजूला मराठीत लिहिलंय 'चित्रबलाक'. इंदापुरात आणि भादलवाडीच्या तलावावर दरवर्षी घरटी करायला येणारा तो मोठा बगळ्यासारखा पक्षी. लहानपणी आम्ही त्याला नुसतं 'करकोचा' म्हणायचो.

मी दहा टप्पे पार केले. चार वेळा फ्लेमिंगोला धडकलो. शेवटी ते विमान हातात आलं, उजनीवर एक गिरकी मारली, आणि खरं सांगतो, तोंडातून निघालं, "आलं रे, सुखोई आलं!"

भाचा शेजारीच बसला होता. म्हणाला, "तोंडानं म्हणा. तोंडाला परवाना लागत नाही."

तुम्हीही तुमच्या कॅफेतल्या बंदुकांची आठवत असलेली नकली नावं कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवीन. भेटू.